शाळेच्या मुलांचं घरचं रुटीन कसं बसवायचं: सुरुवात आदल्या संध्याकाळपासून

जून आला की माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत एकच प्रकार होतो. चार्ट पेपर येतो, त्यावर स्केचपेननं सकाळी साडेपाच ते रात्री साडेनऊ असं सगळं टाइमटेबल लिहिलं जातं, पहिले दोन दिवस घर घड्याळावर चालतं, मग एक दिवस जोराचा पाऊस येतो, व्हॅन उशिरा पोचवते, संध्याकाळी पाहुणे येतात आणि जुलै उजाडेपर्यंत त्या कागदाकडे कुणी बघतसुद्धा नाही. आमच्याकडे दोन वर्षं हेच झालं. आणि मग मुलाला ऐकून घ्यावं लागतं की तुला शिस्तच नाही. ते मला फार लागतं, कारण सात-आठ वर्षांच्या पोरानं एका रात्रीत दहा सवयी बदलायच्या असं आपणच ठरवलेलं असतं.

खाली लिहिलंय ते साधारण पहिली ते सातवीच्या मुलांसाठी. क्रम महत्त्वाचा आहे, तो बदलू नका. एक टप्पा नीट बसायला दहा-पंधरा दिवस लागतात, सगळं मिळून तीन-चार महिने धरा. घाई असेल तर फक्त पहिले दोन टप्पे करा, तेवढ्यानंही घरातला आरडाओरडा बराच कमी होतो.

## तयारी: सात दिवस काहीच बदलायचं नाही

एक जुनी वही घ्या. सात दिवस फक्त नोंद ठेवा: मूल प्रत्यक्ष झोपलं किती वाजता (गादीवर गेलं ते नाही, झोप लागली ते), उठलं किती वाजता, स्वतःहून उठलं की उठवावं लागलं, डब्यातलं किती परत आलं, अभ्यासाला बसलं कधी आणि उठलं कधी, आणि दिवसात भांडण नक्की कुठल्या वेळेला झालं.

शेवटची नोंद सगळ्यात कामाची. बहुतेक घरांत भांडणाच्या दोनच जागा निघतात, एक सकाळी निघायच्या आधीची वीस मिनिटं आणि दुसरी संध्याकाळी सात ते नऊच्या मधली कधीतरी. त्या एकदा दिसल्या की कुठे जोर लावायचा ते कळतं.

याच आठवड्यात घरातल्या मोठ्यांशी बोलून घ्या. ही गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग सगळं फिसकटतं. आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांना नियम सांगू नका, एखादा टप्पाच त्यांच्याकडे द्या. आमच्या सासूबाईंना मी ‘आई, जेवताना टीव्ही लावू नका’ असं सांगून बघितलं तेव्हा काही झालं नाही, पण ‘आई, झोपायच्या आधीची गोष्ट तुमच्याकडे’ म्हटल्यावर त्यांनीच पावणेनऊला टीव्ही बंद करायला सुरुवात केली.

सावधान: या सात दिवसांत मुलाला नोंदी दाखवून बोलायचं नाही. वही मोठ्यांसाठी आहे.

## टप्पा १: झोप

सगळे सकाळपासून सुरुवात करतात, ‘लवकर उठायचं’ असं ठरवतात, आणि तिथेच गाडी अडते. रात्री साडेदहाला झोपलेलं मूल सहाला आनंदानं उठूच शकत नाही.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, १३ च्या पुढे ८ ते १०. आता उलटा हिशोब करा. व्हॅन पावणेसातला येत असेल तर सहाला उठायचं, म्हणजे नऊला झोप लागलेली हवी, म्हणजे पावणेनऊला गादीवर, म्हणजे जेवण पावणेआठच्या आसपास. हा हिशोब मांडला की बरेच जण म्हणतात ‘आमच्याकडे जमणारच नाही, हे आठला घरी येतात’. खरं आहे, कल्याण-डोंबिवलीहून मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांना तर आठसुद्धा लवकर वाटेल. तिथे एकच उपाय मला चाललेला दिसला, मुलाचं जेवण साडेसातला उरकून घ्यायचं आणि बाबा किंवा आई आल्यावर त्यानं शेजारी नुसतं बसायचं, एखादं केळं किंवा वाटीभर ताक घेऊन. सगळ्यांनी एकत्र जेवायचं सुख रविवारी घ्या.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवा असं सांगितलं, पण दोन पाळ्यांच्या शाळा आहेत, बसचे प्रश्न आहेत, त्यामुळे सगळीकडे तसं झालेलं नाही. तुमची शाळा आज प्रत्यक्ष ज्या वेळेला भरते तीच वेळ धरून हिशोब करा.

कसं करायचं:

१. आधी उठायची वेळ पक्की करा, रविवारीसुद्धा. सुट्टीला फार तर एक तास उशीर चालेल. रविवारी दहापर्यंत झोपलेलं मूल रविवारी रात्री लवकर झोपत नाही आणि अख्खा सोमवार रडारडीत जातो.

२. झोपायची वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटांनी अलीकडे आणा. साडेदहाची नऊ करायची तर सहा पायऱ्या, म्हणजे अठरा दिवस. एकदम दीड तास ओढलात तर मूल अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहतं आणि झोपायची वेळ म्हणजे शिक्षा असं त्याच्या डोक्यात बसतं.

३. झोपेच्या एक तास आधी मोबाइल, टीव्ही, टॅब बंद. मुलाचा आणि त्या खोलीतल्या मोठ्यांचाही. रात्री सगळे फोन एकाच जागी चार्जिंगला, शक्यतो स्वयंपाकघरात. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा.

४. शेवटच्या अर्ध्या तासाचा क्रम रोज तोच ठेवा. दात घासणं, शू, पाण्याचा घोट, गोष्ट, दिवा बंद. मूल घड्याळ बघत नाही, त्याला क्रम कळतो, त्यामुळे एखाद दिवशी उशीर झाला तरी क्रम मोडू नका, प्रत्येक गोष्ट छोटी करा.

तपासा: झोपायची वेळ ठरल्या जागी आली की आठवड्यातले चार दिवस तरी मूल एका हाकेत उठतंय का? उठत असेल तर पुढे चला. नसेल तर इथेच थांबा, पुढचे टप्पे याच्यावर उभे आहेत.

सावधान: पुरेसे तास झोपूनही मूल दिवसा पेंगत असेल, किंवा रोज रात्री मोठ्यानं घोरत असेल, तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. तो रुटीनचा प्रश्न नाही.

## टप्पा २: संध्याकाळी दप्तर, कपडे, दरवाजा

सकाळी काहीही शोधायचं नाही, एवढाच नियम. पायमोजा, कंपास, सही करायची डायरी, क्राफ्टचा कागद, सकाळी शोधली जाणारी वस्तू रोज वेगळी असते आणि ओरडणं तेच असतं.

दरवाज्याजवळ एक जागा ठरवा, खुर्ची चालेल, फडताळाचा खालचा कप्पा चालेल. संध्याकाळी जेवणाच्या आधी मूल स्वतः दप्तर भरून तिथे ठेवतं, त्यावर युनिफॉर्म, खाली बूट आणि बुटात मोजे. जेवणानंतर नको, तेव्हा ते दमलेलं असतं.

पहिले चार दिवस तुम्ही भरा आणि मुलानं बघायचं, तुम्ही बोलत राहा, ‘उद्या मंगळवार, गणित, मराठी, चित्रकला, म्हणून ही वही’. पुढचे चार दिवस त्यानं भरायचं आणि तुम्ही शेजारी बसायचं. त्यानंतर त्यानं भरायचं आणि तुम्ही फक्त विचारायचं, ‘झालं का?’. ही तिसरी पायरी पालक कधी घेतच नाहीत, पाचवीतल्या मुलाचं दप्तर आई भरतेय असं मी कितीतरी घरांत बघते. एखादी वही राहिली तर राहू द्या, शाळेत बाई विचारतील, ते चालतं. वही पोचवायला शाळेत धावत जाऊ नका.

दप्तराचं वजनही याच वेळी बघून घ्या. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको. मूल २२ किलोचं असेल तर दप्तर २ किलो २०० ग्रॅमच्या आत. घरी वजनकाटा असेल तर आधी मुलाचं एकट्याचं वजन घ्या, मग दप्तरासकट, वजाबाकी त्यालाच करू द्या. वजन जास्त निघालं तर आधी रिकामं दप्तरच किती जड आहे ते बघा, मग रोज न लागणारी पुस्तकं काढा. शाळेत स्वच्छ पाणी मिळत असेल तर बाटली अर्धीच भरून द्या.

आणि एक खास आजकालचं. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होमवर्क आणि ‘उद्या हे आणा’ असे मेसेज रात्री दहापर्यंत येत राहतात आणि आई-बाबा त्याला बांधलेले. संध्याकाळी सहाला एकदाच ग्रुप बघा, जे असेल ते कागदावर मुलाच्या हातानं लिहून घ्या. सहानंतर आलेलं परवा. चार पालकांनी मिळून बाईंना शांतपणे सांगितलं तर बहुतेक वेळा त्याही मेसेज लवकर टाकतात.

## टप्पा ३: सकाळ आणि डबा

मागचे दोन टप्पे बसले असतील तर सकाळ आपोआप निम्मी सुटलेली असते, म्हणून इथे थोडक्यातच. उठल्यावर पहिली दहा मिनिटं सूचना द्यायच्या नाहीत, नुसतं जवळ बसायचं. मग क्रम, संडास, दात, अंघोळ, कपडे, खाणं. ‘चल, लवकर, आटप’ हे तीन शब्द दिवसातून किती वेळा म्हणता ते एकदा मोजून बघा. त्याऐवजी पुढची एकच गोष्ट सांगा, ‘आता शर्ट’. संडासला जायला निवांत दहा मिनिटं मिळतील असं बघा, शाळेत संडासला जायचं टाळणारी मुलं खूप आहेत आणि पोटदुखीच्या बऱ्याच तक्रारी त्यातून येतात.

डब्यावर मात्र थांबते, कारण डबा परत येतो ही कायमची तक्रार आणि त्यावर आपण पदार्थच बदलत बसतो. आधी हे बघा: मुलाला तो डबा स्वतः उघडता येतो का? स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा पहिलीतल्या मुलाला उघडत नाही आणि ते कुणाला सांगत पण नाही. रिकाम्या डब्यावर घरी सराव करा. दुसरं, घरी घड्याळ लावून बघा, तेवढं खायला त्याला किती वेळ लागतो. मधल्या सुट्टीत हात धुणं, रांग, गप्पा धरून खायला खरे दहा-बारा मिनिटं मिळतात. दोन पोळ्या आणि रस्सा त्यात संपत नाही. पोळीची सुरळी किंवा आधीच केलेले तुकडे, सुकी उसळ, धिरडं, छोटी थालीपिठं, इडलीचे तुकडे, राजगिऱ्याचा लाडू, असं हाताला न माखणारं द्या. आणि घरी जे आधी एकदा खाल्लंय तेच डब्यात, नवा पदार्थ पहिल्यांदा डब्यात कधीही नाही.

तपासा: परत आलेल्या डब्यावरून घरी ओरडा बसत असेल तर मुलं डबा बसमध्ये वाटून टाकतात किंवा फेकून देतात. रिकामा डबा दिसला म्हणजे जेवला असं धरू नका, अधूनमधून सहज विचारा, आज कोणाबरोबर बसून खाल्लंस.

## टप्पा ४: शाळेतून आल्यावरचा पहिला तास

दारात आल्या आल्या ‘आज काय शिकवलं? टेस्टचे मार्क मिळाले? होमवर्क काय आहे?’ विचारलं की उत्तर येतं ‘काही नाही’. सहा तास सूचना ऐकून आलेलं असतं ते. हात-पाय धुवा, खायला द्या, आणि पहिला अर्धा तास शाळेचा विषय आपण काढायचा नाही. बहुतेक मुलं खाता खाता स्वतःच बोलायला लागतात. नाही बोललं तर झोपायच्या आधी एकच छोटा प्रश्न, ज्याचं उत्तर ‘हो-नाही’ नसेल असा, म्हणजे ‘आज कोण हसलं खूप?’ किंवा ‘आज कुठल्या तासाला कंटाळा आला?’.

नंतर खेळ. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अंग हलवणारी हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे पळणं, सायकल, लंगडी, दोरीवरच्या उड्या, ज्यात धाप लागते तसं. अभ्यास झाला तर खेळायला जा असं बहुतेक घरांत असतं. मी उलटं सांगेन, आधी खेळ मग अभ्यास, निदान दिवसाउजेडी तरी. पळून आलेलं मूल नंतर जागेवर बसतं. पावसाळ्यात चार महिने प्रश्न येतो, तेव्हा सोसायटीचं पार्किंग, जिना, घरात गाणं लावून वीस मिनिटं नाच, जे असेल ते.

दुपारची शाळा असेल तर हा क्रम सकाळी उलटा लागतो, आधी अभ्यास, मग थोडा खेळ, मग जेवून शाळा. संध्याकाळी सहाला घरी आलेल्या मुलाला परत पुस्तकाला बसवू नका.

## टप्पा ५: अभ्यास

इथे सगळ्यात जास्त चुका होतात म्हणून जरा सविस्तर.

किती वेळ? त्याच २०२० च्या दप्तर धोरणात लिहिलंय: पहिली-दुसरीला गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवी रोज जास्तीत जास्त १ तास. शाळा यापेक्षा जास्त देतात हे मला माहितीये. तरी हे आकडे डोक्यात ठेवा, म्हणजे तिसरीतलं मूल रोज दोन तास बसतंय तेव्हा त्यात काहीतरी चुकतंय हे ओळखता येईल. वेळ ठरवा, तिसरी-चौथीला रोज तीस-पस्तीस मिनिटं पुरतात. वेळ संपली की पेन खाली. उरलं तर डायरीत लिहा, ‘३५ मिनिटं बसून एवढं झालं’. बाईंनाही त्यातून कळतं की किती जातंय.

कुठे? वेगळी खोली आणि स्टडी टेबल नसलं तरी चालतं. स्वयंपाकघराचा ओटा दिसेल अशी चटई आणि पाट उत्तम. रोज तीच जागा, टीव्हीचा आवाज नको, फोन त्या खोलीत नको. कंपासमधली पेन्सिल टोकदार आहे ना ते बसायच्या आधी, नाहीतर पाच वेळा उठणं होतं.

कसं? क्रम असा:

१. पहिल्या दोन मिनिटांत काय काय करायचं ते मुलानं बोटांवर मोजून सांगायचं.

२. जड काम आधी. सुलेखन, चित्र, रंगवणं शेवटी. मुलं सोपं आधी घेतात आणि गणित आलं की जांभया सुरू होतात.

३. पहिली पाच मिनिटं शेजारी बसा, मग उठून तुमच्या कामाला लागा, पण हाकेच्या अंतरावर. सतत शेजारी बसलं की मूल प्रत्येक अक्षरानंतर तुमच्याकडे बघतं.

४. धडा पाठ करायचा असेल तर पुस्तक मिटून ‘काय आठवतं ते सांग’, मग पुस्तक उघडून राहिलेलं बघणं. तोच धडा दोन दिवसांनी परत मिटून, आणि आठवड्यानं परत. नुसतं पाच वेळा वाचलं तर येतंय असं वाटतं आणि पेपरात आठवत नाही.

५. शेवटी वही दप्तरात. आता टप्पा २ आपोआप जोडला गेला.

सावधान: मुलाच्या वहीतली चूक तुम्ही खोडून दुरुस्त करू नका. चुकलेलं बरोबर होऊन गेलं तर मुलाला कुठे अडतंय ते बाईंना कसं कळणार? ‘या ओळीत एक गडबड आहे, शोध’ एवढंच सांगा. आणि प्रोजेक्ट तुम्ही करू नका. बाजारातून आणलेल्या थर्माकोलच्या किल्ल्यापेक्षा मुलानं मातीचा केलेला वाकडा किल्ला चांगला, दिवाळीत अंगणात करतात तसाच.

### पाढे आणि मराठी आकडे

पूर्वी दिवेलागणीला परवचा म्हणायचे, ती सवय आजही पाच मिनिटांत करता येते, तुम्ही कणीक मळताय आणि मूल शेजारी उभं आहे एवढ्यात. पण ‘सहा एके सहा, सहा दुणे बारा’ अशी गाडी शेवटपर्यंत गेली म्हणजे पाढा आला असं नाही. मधूनच विचारा, सहा साती? मग उलटं, बेचाळीस कुठे कुठे येतात? सहा साती आणि सात सक दोन्ही आलं की तो पाढा सोडा. आठवड्याला एकच पाढा.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांची वेगळीच अडचण असते, फिफ्टी नाइन कळतं, एकोणसाठ कळत नाही, मग रिक्षावाले काका किंवा भाजीवाल्या मावशी काय म्हणतात ते समजत नाही. एकोण म्हणजे एक कमी हे सांगून टाका, साठाला एक कमी एकोणसाठ, सत्तरला एक कमी एकोणसत्तर, नव्वदला एक कमी एकोणनव्वद. फक्त नव्व्याण्णव वेगळं. मराठी माध्यमातल्या काही मुलांनी ‘वीस एक, वीस दोन’ अशीही पद्धत शिकलेली असते, दुसरीच्या पुस्तकात २०१९ ला आली तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली होती. मूल तसं म्हणालं तर चूक म्हणू नका, ‘हो, म्हणजेच एकवीस’ म्हणा आणि पुढे जा.

## टप्पा ६: रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचन

या सगळ्यातून एकच निवडायचं असेल तर मी हे निवडेन. मूल स्वतः वाचायला लागलं की आपण त्याला वाचून दाखवणं बंद करतो, ही माझ्या मते मोठी चूक. तिसरीतलं मूल स्वतः जे वाचू शकतं त्यापेक्षा खूप अवघड आणि मजेशीर गोष्ट ते ऐकून समजू शकतं, आणि शब्द तिथूनच येतात. पाचवी-सहावीपर्यंत वाचून दाखवा.

घरी मराठी बोलणारी पण मराठी वाचता न येणारी मुलं आता घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी क्रम असा लावा. पहिले दोन आठवडे तुम्ही वाचा, बोट ओळीखाली फिरवत. मग एक ओळ तुम्ही, तीच ओळ त्यानं. मग एक तुमची, पुढची त्याची. मग परिच्छेद. जोडाक्षराला अडलं की मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा आणि मग शब्द सांगून टाका, प्रत्येक शब्दाला फोड करायला लावलंत तर गोष्ट मरते. वाचून झाल्यावर प्रश्नोत्तरं नकोत, तात्पर्य तर नकोच.

पुस्तकं विकत घ्यायला हवीत असं नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या वेबसाइटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, पहिल्या पातळीत पानावर एखाददुसरं वाक्य असतं. बालभारतीची सगळी क्रमिक पुस्तकंही पीडीएफ मिळतात, त्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या चौथीतल्या मुलासाठी दुसरीचं मराठीचं पुस्तक आणलं तर ते त्याला बरोबर बसतं. शक्य असेल तर प्रिंट काढा, झोपायच्या आधी परत स्क्रीन नको.

परदेशातल्या मुलांसाठी पुण्या-नागपूरच्या आजी-आजोबांनी व्हिडिओ कॉलवर वाचायचं, मुलाच्या हातात तेच छापील पान. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, वीस मिनिटं. ‘बोल ना आजीशी’ म्हणून फोन हातात देण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं चालतं, कारण दोघांनाही काय करायचं ते माहीत असतं. स्क्रीन असल्यामुळे हे दिवसा करा, झोपताना नाही.

सावधान: चार-सहा महिने रोज सराव करूनही अक्षरं सारखी उलटसुलट होत असतील, ओळ सुटत असेल, वाचायचं म्हटलं की रडू येत असेल, तर आधी डोळे तपासा, मग वर्गशिक्षकांशी बोला आणि अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचायला-लिहायला शिकण्यातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या. आळशी म्हणून वर्षं घालवू नका.

## टप्पा ७: घरातलं एक काम आणि रविवारचा बाजार

एक मूल, एक काम, रोज. सहा-सात वर्षांचं ताट-वाट्या-पाणी घेऊ शकतं, मोज्यांच्या जोड्या लावू शकतं. आठ-नऊला मेथी निवडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या. दहा-अकराला डाळ-तांदूळ धुऊन कुकर तयार करणं, गॅस मात्र मोठ्यांनी लावायचा. मुलगा असो की मुलगी काम तेच, भावाला अंगण आणि बहिणीला भांडी असं वाटप नको. कामाचे पैसे देऊ नका आणि झालेलं काम त्याच्यासमोर परत करू नका. घडी वाकडी असेल तर वाकडीच कपाटात जाऊ दे.

रविवारी भाजी आणायला मुलाला न्या आणि शंभरची नोट त्याच्या हातात द्या, यादी त्यानंच वाचायची. वांगी साठ रुपये किलो तर पाव किलोचे किती, कोथिंबिरीची जुडी दहाची, टोमॅटो अर्धा किलो, हातात किती उरले. अपूर्णांक पुस्तकात अडतात ते इथे सुटतात, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द कानावर पडले पाहिजेत. गर्दीच्या वेळी नको, मावशींना वेळ असतो तेव्हा सकाळी लवकर. आणि हिशोब चुकला तर तिथे सगळ्यांसमोर बोलू नका, घरी येऊन पैसे परत मोजा.

## रविवारी दहा मिनिटं बसायचं

पोहे खाताना प्रत्येकानं एकच गोष्ट सांगायची, या आठवड्यात काय बरं चाललं आणि काय बदलायचं. मुलानं सुचवलेला एक तरी बदल घ्या, अगदी ‘गोष्ट दोन हव्यात’ इतका छोटा असला तरी. आणि मोठ्यांच्या चुकाही तिथेच येऊ द्या. मागच्या महिन्यात माझ्या मुलीनं सांगितलं, आई, तू जेवताना फोन बघतेस. बरोबर होतं तिचं. फोन आता फ्रिजवर असतो.

## मोडलं तर

मोडणारच आहे. गणपतीत, लग्नात, मामाकडे गेल्यावर, तापात. त्या दिवसांत रुटीन ओढत बसू नका, जाऊ द्या. नंतर मात्र सातही टप्पे एकदम परत लावायला जाऊ नका, ही शेवटची आणि फार सामान्य चूक. पहिले तीन दिवस फक्त झोप, मग दप्तर, मग एक एक. पहिल्यांदा तीन महिने लागलेलं दुसऱ्या वेळी आठ-दहा दिवसांत बसतं. मे महिन्याच्या सुट्टीनंतर हेच करायचं असेल तर शाळा उघडायच्या तीन आठवडे आधी झोपेपासून सुरुवात करा, सुट्टीत अकरापर्यंत गेलेली वेळ दर तीन दिवसांनी १५ मिनिटं मागे घेतलीत तर शाळेच्या पहिल्या दिवशी सव्वानऊपर्यंत आलेली असेल आणि उरलेली पंधरा मिनिटं शाळेच्या पहिल्या आठवड्यात येतात.